किपुंगाची मानाची काठी

किपुंगा गावचा नायक म्वेपू घराबाहेर पडला, की त्याच्या पुढे त्याची थोरली बायको सेया चालायची. बायको पुढे आणि नवरा मागे, हे बघून दूरच्या मुलखातला एखादा मीठविक्या तोंडावर हात धरून हसायचा. पण लुबा मुलखातलं शेंबडं पोरही हसायचं नाही. कारण सेयाच्या हातात काठी असायची. काठी नायकाची खरी. पण ती धरायची बाईनं, आणि बोलती करायची तीही बाईनंच. राजाचं गुपित पुरुषाच्या पोटात ताडीच्या दुसऱ्या भोपळ्यापर्यंतच टिकतं, असं बायका म्हणायच्या, आणि पुरुष त्यावर वाद घालत नसत.

काठी सेयाच्या खांद्याइतकी उंच होती. पिढ्यान्‌पिढ्या पामतेल पिऊन तिचं लाकूड काळंभोर झालं होतं. माथ्यावर पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या दोन बायका, दोघींचे हात आपापल्या छातीवर, डोळे अर्धवट मिटलेले. त्यांच्या पायाखाली एक रुंद पट्टी आणि तिच्यावर बारीक जाळीची नक्षी. ते लुपाये तळं. त्याखाली लांबच लांब गुळगुळीत लाकूड, काहीही न कोरलेलं. तो माळ, जिथे ना गाव ना माणूस. तिथे तांब्याची तार गुंडाळलेली, आणि अगदी खाली जमिनीत रोवायला लोखंडी टोक. बघणाऱ्याला एवढंच दिसे. बाकीचं सगळं सेयाच्या तोंडात होतं. कुठल्या खुणेवर बोट ठेवून कुठले शब्द म्हणायचे, हे तिला म्वेपूच्या आत्यानं, बुलांदानं शिकवलं होतं. शिकवलं म्हणजे घोटून घेतलं होतं. एक शब्द इकडचा तिकडे झाला, की म्हातारी आपल्या भोपळ्याच्या चिलमीचा धूर सेयाच्या तोंडावर सोडायची आणि म्हणायची, "पहिल्यापासून, सूनबाई."

सेयाला या काठीचा फार अभिमान होता आणि तो ती लपवतही नसे. ती नवी नवरी असतानाच बंदूकवाल्यांची टोळी माणसं पकडायला तळ्याकडे आली होती. तेव्हा ती काठी उचलून गावच्या पुरुषांच्या पुढे चालत गेली होती. काठी पुढे निघाली, की मागच्यानं मागे फिरायचं नसतं. सेया फिरली नाही, म्हणून कुणीच फिरलं नाही. भाल्यांची ती रांग अंगावर येताना बघून टोळीनं किपुंगाचा नाद सोडला, तळ्याला वळसा घातला आणि पलीकडचं मबाये गाव जाळलं. त्या दिवसापासून किपुंगातली माणसं सेयाला रस्त्यात बाजूला होऊन वाट देत. तीही ती वाट मान ताठ ठेवून घेत असे.

मबाये पुन्हा उभं राहिलं, पण धड राहिलं नाही. आणि जसजशी तिथली पोरं मोठी झाली, तसतशी तळ्यावरून कुरबुर सुरू झाली. उन्हाळ्यात लुपायेचं पाणी उतरलं की मासे गाळात दाटीवाटीनं येतात. त्या दिवसांत किपुंगाचं गावच्या गाव टोपल्या आणि जाळी घेऊन तळ्यात उतरायचं. मबायेवाले म्हणायचे, आमचाही हक्क आहे. किपुंगावाले म्हणायचे, दाखवा. दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं, म्हणून त्यांचा नायक काजादी शिव्या द्यायचा. काजादी ढेरपोट्या, मोठ्या आवाजाचा माणूस. त्या वर्षी तो शिव्यांवर थांबला नाही. पाच-पन्नास माणसं घेऊन तळ्यात घुसला. मारामारी झाली. मबायेच्या तशेबा नावाच्या गड्यानं वल्ह्याचा असा तडाखा दिला, की सेयाचा सख्खा भाऊ मोंगा याचा उजवा हात कोपराखाली मोडला.

बातमी राजाच्या कानावर गेली. लुबांच्या राजाला मुलोपवे म्हणतात. त्याचा निरोप्या आला आणि अंगणात उभा राहून म्हणाला, "दोन्ही नायकांनी दरबारात यावं. काठी घेऊन यावं. बोलणारी बाई घेऊन यावं."

म्वेपू खूश झाला. "मबायेकडे ना काठी, ना बाई," तो सेयाला म्हणाला. "झालंच आपलं काम."

निघायच्या सकाळी मोंगा होडीपर्यंत आला. मोडलेला हात सालीच्या पट्ट्यांनी छातीशी बांधलेला होता. "ताई," तो म्हणाला, "त्या काजादीला पुरता उघडा पाड. मला जाळं फेकता येत नाही, घास तोंडात घालता येत नाही. पोरं मला भरवतात गं, म्हाताऱ्यासारखं."

"तू घरी जा आणि हात हलवू नकोस," सेया म्हणाली. पण होडी पाण्यात जाईपर्यंत ती त्याच्याकडेच बघत राहिली.

नदी ओलांडून ते माळाला लागले. गवत डोक्याच्या वर गेलेलं, पायवाट अरुंद. सेया पुढे, तिच्यामागे म्वेपू, त्याच्यामागे ओझेवाले. दुपारी एका मोठ्या वारुळाच्या सावलीत ते टेकले. ओझेवाल्यांनी लांब जाऊन जेवणाला बुकारी, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, रटरटायला ठेवली. म्वेपूनं इकडेतिकडे पाहिलं आणि जवळ सरकला.

"सेया, त्या दोन बायकांचं काय करायचं?"

"तुम्हाला बायका चार आहेत. कुठल्या दोघींचं म्हणताय?"

"चेष्टा नको. काठीवरच्या."

सेया सावध झाली. काठी तिच्या शेजारी जमिनीत रोवलेली होती. "त्यांचं काय करायचंय? उभ्या आहेत आपल्या जागी."

"दोन आहेत हे बघणाऱ्याला दिसतं. त्या कोण हे तू सांगितल्याशिवाय कळत नाही." म्वेपूचा आवाज गोड झाला. तो गोड झाला की सेयाला त्याची जास्त भीती वाटायची. "मी म्हणतो, त्या दोन नाहीतच. एकच आहे. आपली न्डाया. पुढच्या तोंडानं तळं बघते, मागच्या तोंडानं माळ बघते. गाव वसवणाऱ्या बाईला मागे डोळे नकोत? किती शोभून दिसतं बघ."

"आणि मुसेंगा?"

"मुसेंगा कोण?" म्वेपू म्हणाला.

मुसेंगा कोण हे त्याला चांगलं ठाऊक होतं. गावात ही गोष्ट त्याला, बुलांदाला आणि सेयाला, एवढ्याच माणसांना ठाऊक होती. न्डाया आणि मुसेंगा या सख्ख्या बहिणी. दुष्काळात माळ तुडवत दोघी तळ्यापाशी आल्या. थोरल्या न्डायाला पाण्याचा वास लागला, धाकट्या मुसेंगानं मडक्यातला विस्तव वाटभर जिवंत ठेवला. एकीमुळे पाणी मिळालं, दुसरीमुळे चूल पेटली. न्डाया अलीकडे राहिली, तिचं किपुंगा झालं. मुसेंगा पलीकडे गेली, तिचं मबाये झालं. आणि तळं दोघींचं राहिलं.

"आत्याबाईंनी मला असं शिकवलेलं नाही," सेया म्हणाली.

"आत्या घरी बसली आहे चिलीम ओढत. ती थोडीच दरबारात येणार आहे? आणि काजादीची तुला एवढी दया कशाला? मोंगाचा हात विसरलीस?"

"मी काही विसरलेले नाही."

"मग झालं तर," म्वेपू म्हणाला, आणि बुकारी झाली का ते बघायला उठून गेला.

पुढची सगळी वाट सेया मनातल्या मनात काठी बोलत चालली. तिनं म्वेपूनं सांगितलेली गोष्ट घालून पाहिली. एकच न्डाया, पुढे एक तोंड, मागे एक तोंड. शब्द कुठे अडले नाहीत. उलट इतके सहज बसले, की तिला दचकायला झालं. खोटं असं अवघडून, ठेचकाळत बाहेर येईल असं तिला वाटलं होतं. ते तर पामतेल लावल्यासारखं सरकत होतं. आणि हेच शब्द उद्या तिला तिच्यानंतर काठी धरणाऱ्या मुलीला शिकवावे लागणार होते. ती मुलगी तिच्या सुनेला शिकवील. तिथून पुढे मुसेंगा कुणालाच ठाऊक नसेल. बंदूकवाल्यांनी मबायेची घरं जाळली होती, पण विस्तव सांभाळत माळ तुडवलेली ती बाई त्यांच्या हाती लागली नव्हती. तिला मारायचं काम आता सेयाकडे आलं होतं.

मग तिला मोंगा आठवे, त्याला भरवणारी पोरं आठवत, आणि ती पुन्हा दात आवळून चालू लागे.

दरबारच्या अंगणात गर्दी मावत नव्हती. राजा उंच ओट्यावर बसला होता. त्याचं आसन एका गुडघे टेकलेल्या लाकडी बाईनं डोक्यावर तोललं होतं. राजा सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलत नसे. तो शेजारच्या प्रधानाच्या, त्वीतेच्या कानात बोले आणि त्वीते लोकांना सांगे. हा त्वीते म्हणजे सुकलेल्या मिरचीसारखा माणूस, अंगानं बारीक आणि जिभेनं तिखट.

काजादी आधीच येऊन बसला होता. सेयाला पुढे आणि म्वेपूला मागे येताना पाहून तो डिवचायला मुद्दाम खदाखदा हसला. "काय सेयाबाई, नवऱ्याला अजून वाट सापडत नाही वाटतं?"

"माझ्या नवऱ्याच्या पुढे मी आहे," सेया म्हणाली. "तुमच्या पुढे कुणीच नाही, म्हणून तर तुम्ही चुकून दुसऱ्यांच्या तळ्यात शिरता."

आजूबाजूची माणसं हसली. म्वेपू तर पोट धरून हसला. काजादीचं तोंड मात्र एकदम मिटलं, आणि त्यानं आपल्या पुढच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आपण नेमकं काय बोलून बसलो ते सेयाला तेव्हा कळलं नाही.

आधी म्वेपू बोलला. तो छान बोलला. तळ्याचे काठ, बापजाद्यांची जाळी, मोंगाचा हात, सगळं एका दमात आणि गोड आवाजात. मग काजादी उठला आणि ओरडायलाच लागला. आमचं पाणी, आमचे मासे, किपुंगावाले चोर, किपुंगावाले माजलेले. त्वीतेनं हात वर केला.

"आवाज मोठा आहे तुझा. काठी कुठे आहे?"

"जळाली."

"आणि शब्द? शब्द कधी जळतात का?"

काजादी थांबला. पुढचं तो इतक्या हळू बोलला, की मागच्या माणसांना एकमेकांना विचारावं लागलं. "शब्द माझ्या आईकडे होते. बंदूकवाल्यांनी तिच्या गळ्याला दोर बांधला आणि तिला इतरांबरोबर ओढत नेलं. मी गवतात लपलो होतो. तिनं मला पाहिलं, पण मान फिरवली, त्यांना कळू नये म्हणून. शब्द तिच्याबरोबर गेले."

सेयानं काठी घट्ट धरली. ती टोळी तळ्याला वळसा घालून कुठून वळली होती, ते तिला ठाऊक होतं.

त्वीतेनं राजाकडे पाहिलं, मग काजादीकडे. "दुःख मोठं आहे, नायका. पण दुःख सांगून तळं मिळत नाही. किपुंगाची बाई, पुढे ये. तुझी काठी काय म्हणते ते ऐकू दे."

सेया पुढे गेली. दंडांना आणि छातीला पांढरी माती लावली. मग काठी दोन्ही हातांनी उचलली आणि लोखंडी टोक अंगणात रोवलं. जमीन कडक होती, तरी ते एकाच दणक्यात रुतलं. गर्दीतून पसंतीचा हुंकार आला. तिनं खालून सुरुवात केली, कारण पूर्वजही चालतच आले होते. गुळगुळीत लाकडावर बोट ठेवून ती माळाचं बोलली. कुठे तहान लागली, कुठे म्हातारी माणसं मागे राहिली, कुठे मुलं पुरली. माळावर काही कोरलेलं नाही, कारण तिथे थांबलेल्यांची नावं घ्यायला कुणी उरलं नाही. तांब्याच्या तारेवर बोट फिरवत ती वाटेची वळणं बोलली. तिचा आवाज चढत गेला. जाळीच्या नक्षीवर बोट आलं आणि ती तळ्याचं बोलली. अंगणातल्या बायका तिच्या शब्दांच्या ठेक्यावर टाळ्या वाजवू लागल्या.

मग तिचं बोट त्या दोघींपाशी पोचलं.

मागे म्वेपू घसा खाकरला. तेवढंच. सेयाच्या जिभेवर दोन्ही गोष्टी तयार होत्या. दोन्ही तितक्याच सोप्या. तिनं मान वळवली नाही. नवऱ्याकडे पाहिलं नाही, काजादीकडेही पाहिलं नाही. तिनं हात लांब केला आणि बोट पुढच्या बाईच्या कपाळावर ठेवलं.

"ही न्डाया," ती म्हणाली. "हिला पाण्याचा वास लागला." मग काठीला वळसा घालून ती पलीकडे गेली आणि दुसऱ्या बाईच्या कपाळावर बोट ठेवलं. "आणि ही मुसेंगा. हिनं विस्तव विझू दिला नाही. एका आईच्या दोघी. थोरली अलीकडे बसली, तिचं किपुंगा. धाकटी पलीकडे बसली, तिचं मबाये. थोरलीची माणसं पाण्यात आधी उतरतील, धाकटीची त्यांच्यामागून. तळं दोघींचं. म्हणून दोघी पाठीला पाठ लावून उभ्या आहेत. एकीला हलवलं तर दुसरी पडेल."

टाळ्या थांबल्या होत्या. सेयानं शेवटचे शब्द म्हटले, बोट काढून घेतलं आणि ती सरळ उभी राहिली. तेव्हा कुठे तिनं म्वेपूकडे पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. काजादी तोंड उघडं टाकून काठीकडे बघत होता, जणू त्या लाकडातून कुणी त्याला नावानं हाक मारली होती.

त्वीते खाली उतरून सेयाच्या अगदी समोर आला. "बाई, मबायेकडे काठी नाही. त्यांच्या बाजूनं बोलणारं इथे कुणी नव्हतं. तू गप्प बसली असतीस तर सगळं तळं तुझ्या नवऱ्याचं होतं. तू आत्ता काय केलंस, ते तुला कळलं का?"

"कळलं."

"मग का बोललीस? त्या माणसाचं काही देणं लागतेस?"

"त्याचं? त्याच्या माणसानं माझ्या भावाचा हात मोडलाय," सेया म्हणाली. "तो मला डोळ्यांसमोर नको. पण किपुंगाची काठी अर्धं बोलायला शिकलेली नाही. काठी आणा असा राजाचा हुकूम होता, मी काठी आणली. नुसतं लाकूड हवं होतं, तर ते माझ्या नवऱ्यानं खांद्यावर टाकून आणलं असतं."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. त्वीतेला राग आला की नाही ते कळेना. तो वळून राजाकडे गेला. राजा बराच वेळ त्याच्या कानात बोलत होता. मग त्वीते ओट्याच्या कडेला आला.

"ऐका. मुलोपवे म्हणतात, या अंगणात आलेली प्रत्येक काठी आपल्याच मालकाची बाजू घेत आली. मालकाचं नुकसान करून बोलणारी काठी आम्ही आज पहिल्यांदा ऐकली. म्हणून या काठीवर आमचा विश्वास आहे. तिनं तळं दोघींचं म्हटलं, तळं दोघींचं. तिनं थोरली न्डाया म्हटलं, तर किपुंगा थोरलं. किपुंगा आधी पाण्यात उतरेल, मबाये मागून. आणि दर उन्हाळ्यात मबायेचा नायक माशांची पहिली टोपली स्वतः उचलून थोरल्या बहिणीच्या काठीपुढे ठेवील. मबायेसाठी नवी काठी कोरली जाईल. तिच्यात शब्द ही बाई घालील."

मग जे झालं ते किपुंगात अजून सांगतात. राजानं आपल्या समोरच्या वाडग्यातली पांढरी माती बोटांवर घेतली आणि स्वतः ओट्यावरून खाली उतरला. त्यानं न्डायाच्या कपाळाला माती लावली, मुसेंगाच्या कपाळाला लावली. आणि उरलेली सेयाच्या कपाळाला. सगळं अंगण जमिनीला टेकलं. सेया तेवढी उभी होती, कारण काठी धरलेल्या माणसानं वाकायचं नसतं.

परतीच्या वाटेवर म्वेपू तिच्याशी एक शब्दही बोलला नाही. तिच्या मागून चालला, पण ओझेवाल्यांत बसून जेवला. सेयानंही बोलायचा प्रयत्न केला नाही. ती घाबरलेली नव्हती असं नाही. नवरा काठी काढून घेऊ शकत नव्हता, पण घरातलं सुख काढून घेऊ शकत होता. तरी कपाळावरची माती तिनं धुतली नाही आणि मानही खाली घातली नाही.

नदीवर नावाडी नवा होता. त्यानं सेयाच्या हातातल्या काठीकडे आणि तिच्या माथ्यावर सुकलेल्या मातीकडे पाहिलं, आणि वल्हं हातातच राहिलं. "ही माती... मुलोपवेंच्या हातची की काय? कुणाची म्हणायची ही काठी?"

सेया उत्तर द्यायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागून म्वेपूचा आवाज आला. गोड नाही, खणखणीत. "किपुंगाची आहे ही! न्डायाची काठी, थोरल्या बहिणीची. भर दरबारात खरं बोलली, म्हणून राजा आसनावरून उतरला तिच्यासाठी. आसनावरून! आणि ही बोलणारी माझी बायको. होडी नीट धर, पाणी उडवू नकोस तिच्या अंगावर."

नावाड्यानं होडी नीट धरली. सेया पुढच्या टोकाला बसली. अर्ध्या नदीत आल्यावर म्वेपू तिच्यामागे सरकला आणि पुटपुटला, "यापुढे असलं काही करायचं असेल तर आधी सांगत जा."

"सांगितलं असतं तर?"

"तर तुला आणलंच नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं."

म्वेपूनं आधी फुरफुर केली, आणि मग त्याला हसू आवरेना. होडी इतकी हलली, की नावाड्यानंच त्यांना गप्प बसायला सांगितलं.

मोंगा मात्र हसला नाही. "माझा हात त्यांनी मोडला, आणि तू त्यांना तळं देऊन आलीस?" तो दारातच म्हणाला.

"तळं मी दिलं नाही, ते मुसेंगाचंच होतं. तुझ्या हाताचं वेगळं. ते मी वसूल करीन."

आणि तिनं केलं. किसिंबा नावाच्या कोरीवकाम करणाऱ्यानं मबायेची काठी पुरी केली, तेव्हा सेया ती जागी करायला पलीकडच्या काठावर गेली. तिच्यावरही पाठीला पाठ लावून दोघी होत्या, फक्त पुढे मुसेंगा होती, विस्तवाचं मडकं धरलेली. काजादीची बहीण कापिंगा ती काठी धरणार होती. शब्द सुरू करण्याआधी सेया काजादीला म्हणाली, "आधी तशेबाला बोलवा. माझ्या भावाचा हात धड होईपर्यंत त्याची होडी तशेबा वल्हवील आणि त्याचं जाळंही तोच फेकील. कबूल असेल तर मी तोंड उघडते."

"आणि नसेल तर?"

"तर तुमच्याकडे काठी नाही. सुंदर कोरलेलं सरपण आहे."

काजादी तिच्याकडे बघत राहिला. "तुझ्या नवऱ्याचे दिवस कसे जातात गं बाई?" तो म्हणाला. पण त्यानं तशेबाला हाक मारली.

मग सेयानं कापिंगाची बोटं आपल्या हातात घेतली आणि एकेका खुणेवर टेकवली. माळ, तारेची वळणं, तळं, विस्तवाचं मडकं. कापिंगाला शब्द लवकर येत. मुसेंगाचं नाव आलं, की दर वेळी मबायेच्या म्हाताऱ्या बायका अंगणात बसून मोठ्यानं तेच नाव पुन्हा म्हणत, आणि काजादी घरामागे जाऊन नाक शिंकरत असे.

त्या वर्षी पाणी उतरलं, तेव्हा दोन्ही गावं लुपायेच्या दोन काठांवर उभी होती. किपुंगा आधी उतरलं, मग पलीकडून मबाये. तशेबा मोंगाच्या होडीत होता. मोंगा मागे बसून त्याला ओरडत होता, "अरे डावीकडे फेक, डावीकडे! मोडायला बरा हात चालतो तुझा!" मासे गाळातून चांदीसारखे उडत होते आणि पोरंबायका चिखलानं माखून एकमेकांच्या अंगावर कोसळत होती.

काजादी गुडघाभर पाण्यातून टोपली डोक्यावर घेऊन आला. ढेरीखाली चिखल, कपाळावर घाम. काठावर सेया काठी रोवून उभी होती, आणि म्वेपू नव्या कपड्यात तिच्यामागे. काजादीनं टोपली काठीपुढे ठेवली आणि कमरेवर हात टेकून धापा टाकत म्हणाला, "घ्या, थोरल्या बहिणीचा मान. एवढं वजन उचलायचं म्हणजे दर वर्षी माझी कंबर जाणार."

"पुढच्या वर्षी जास्त मासे धरा," सेया म्हणाली. "म्हणजे आणखी जाईल."

काजादीनं मान डोलावली, मागे वळून आपल्या माणसांना जाळी लावायला ओरडला आणि पुन्हा पाण्यात उतरला. सेयानं मान ताठ ठेवून दोन्ही गावांकडे पाहिलं. तिच्या शेजारी त्या दोघी उन्हात चमकत होत्या, एक या काठाकडे बघत, एक त्या काठाकडे.